प्रशिक्षणाची गरज असलेले कर्मचारी

केरी, पेडणे
शनिवार, १२ जुलै २०२५

रूपाली,

'प्रिय' लिहीत नाही. लिहिलं तर तू पहिल्याच शब्दाला कागद फाडशील. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर माझ्या निरोपापुढं दहा दिवस एकच टिक आहे, म्हणजे ब्लॉक केलंयस हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळतं. सुविधाला म्हटलं, तू तरी विचार तिला. ती सोलारचा कोर्स शिकवणारी नवीन पोरगी, वर्षही झालं नाही तिला लागून, दोन्ही हात जोडून म्हणाली, "बाई, माका तुमच्या दोघींच्या मधी घालू नकात." म्हणून कागद घेतला. मुरगावच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते, घरच्या नाही. शंभूभाऊजींच्या हाती लागलं तर चुलीत जाईल.

एक गोष्ट सरळ सांगते, मग तुला काय समजायचं ते समज. तुझी बदली मी केलेली नाही. बदली खात्यानं केली. मी फक्त यादी दिली.

तुला ठाऊकच आहे सगळं, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. एप्रिलात आपल्या प्रशिक्षण संस्थेच्या प्रिन्सिपलनी, यशवंत सरांनी, मला 'बदल समन्वयक' केलं. मी मागितलं नव्हतं. म्हणाले, "देवकीबाई, तुमचं सगळ्यांशी पटतं, तुम्हीच करा," आणि मी हो म्हटलं. पणजीला पाच दिवस थंडगार हॉलमध्ये बसवून आम्हाला शिकवलं की संस्थेत बदल आणताना घाबरणाऱ्या माणसाला शत्रू समजू नये, त्याचं ऐकून घ्यावं. पाच दिवसांत मला फक्त सर्दी झाली. परत आल्यावर मी त्या रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, गुलाबीवर भीती लिहा, हिरव्यावर आशा लिहा. तू गुलाबीवर लिहिलंस, 'चहा गार येतो.' सगळे किती हसले होते! यशवंत सरसुद्धा. मग तू हिरव्यावर लिहिलंस, 'चहा गरम यावा.' तुझी जीभ म्हणजे काय सांगू.

जूनमध्ये तो फॉर्म आला. 'प्रशिक्षणाची गरज असलेले कर्मचारी, प्राधान्यक्रमानुसार.' मी तुझं नाव पहिलं लिहिलं. का लिहिलं? कपड्यांचं डिझाइन आता कॉम्प्युटरवर करायचं, ते शिकायला पुण्याला पाठवणार होते. मला वाटलं, आधी तू जाऊन ये. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला. ब्लाऊजची बाही तू डोळे मिटून लावतेस, मी अजून दोनदा उसवते. तर चांगल्या हातानं आधी शिकावं, एवढाच माझा विचार.

आणि खात्यानं काय केलं? ज्याला शिकवायची गरज जास्त तो कामाचा कमी, असा हिशेब लावला. शिवणाच्या दोन तुकड्यांची एक झाली, शिकवणाऱ्या बायका दोन आणि खुर्ची एक. यादीत वरचं नाव होतं ते उचललं आणि मुरगावच्या भांडारात नेऊन बसवलं. आता मला सांग, ह्यात माझं काय चुकलं? चांगलं करायला गेले आणि अंगाशी आलं.

तू ऑर्डर हातात घेतलीस तेव्हा माझ्याकडं बघितलंस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं गो. पंचवीस वर्षांत तुला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

उत्तर पाठव. दोन ओळी पाठव. नुसती शिवी पाठवलीस तरी चालेल.

देवकी


केरी
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

रूपाली,

उत्तर नाही. बरं.

इकडची हालहवाल सांगते, ऐकायची नसली तरी. आपल्या हॉलमधली बारा मशिनं भिंतीकडं सरकवली. कापडं बेतायचं आपलं मोठं मेज होतं तिथं आता पलंग आहे. हो, पलंग! पांढरी चादर, चार उशा. विमानतळ आलाय ना, हॉटेलांना माणसं हवीत, म्हणून हाऊसकीपिंगचा कोर्स. मुली टॉवेलाची बदकं करायला शिकतात. एका पोरीचं बदक बघून यशवंत सर म्हणाले, "हे कोंबडं वाटतं." ती रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं नि मनात म्हटलं, रूपाली असती तर आत्ता काहीतरी बोलली असती आणि ही पोर रडता रडता हसली असती. मला तसं येत नाही. मी नुसती पाठीवरून हात फिरवत बसले.

मला केबिन दिलीय. दारावर पाटी आहे, पंखा आहे, जनेल उघडलं की काजूची झाडं दिसतात. दुपारी डबा उघडते नि एकटीच खाते. पहिले दोन दिवस स्टाफरूममध्ये गेले होते. गेले की बोलणं थांबायचं. कोण तरी पावसाविषयी काढायचं. पावसावर किती बोलणार माणूस? तिसऱ्या दिवसापासून मीच जाईनाशी झाले. परवा कंटाळा आला म्हणून डबा केला नाही, नाक्यावरून पातळभाजी नि उंडो पाव आणला, आणि सवयीनं दोघींपुरता आणला. संध्याकाळी उरलेला गायीला घातला.

घरीही तेच. भावानं पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात. रात्रंदिवस माणसांचा राबता, पण माझ्या दाराशी कोणी येत नाही. भावजय ताट वाढून ठेवते. वाईट नाही ती. पण तिच्या घरात मी एक खोली अडवून बसलेय, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे.

तुझ्या सासूबाईंचं कळलं. सुविधा म्हणाली, पाठीला जखमा झाल्यात. बरोबरच आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस, कूस बदलायला दुपारी कोण आहे तिथं? इथं होतीस तेव्हा चारला घरी पोचायचीस, डब्याच्या सुट्टीतसुद्धा शंभूभाऊजींना फोन करून 'आता उजव्या कुशीवर करा' म्हणून सांगायचीस. खाण बंद झाल्यापासून ते घरीच असले तरी पुरुषमाणूस आईला कसं करणार सगळं. आता तू पावणेसहाला इब्रामपुरातून निघतेस आणि रात्री सव्वाआठला परततेस म्हणे. तीन बसा जायला, तीन यायला. म्हातारी विचारते म्हणे, "सून कामाक गेली काय म्हायेराक गेली?"

हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. खोटं वाटतं तुला? वाटू दे.

हेडक्लार्क गोकुळदासकडून कळलं की तू बदलीविरुद्ध तक्रार-अर्ज केलायस. चांगलं केलंस. पणजीला सुनावणी लागेल. माझ्याकडं लेखी म्हणणं मागवलंय. मी योग्य तेच लिहीन, तू काळजी करू नकोस. गोकुळदासनं त्या मंगळवारी मला सांगितलं तेव्हाच मी जर

ते जाऊ दे. खोडायला नको, दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आलाय.

मुली विचारतात, "रूपालीबाय कधी येतली?" मी सांगते, येतील. काय सांगू दुसरं?

देवकी


केरी
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

रूपाली,

तू आत होतीस. मला ठाऊक आहे. दारात तुझ्या निळ्या चपला होत्या.

पंचमीला दरवर्षी मी तुझ्याकडं येते. तेवीस वर्षं येते. यंदाही आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण गणपतीला बोलवावं लागतं का कधी? गणपतीवरच्या माटोळीला बांधायला म्हणून आमच्या परसातली तोरिंजनाची फळं नि सुपारीचा घोस आणला होता. बसमधून मांडीवर धरून आणला, घोस मोडू नये म्हणून. तुझ्या अंगणाच्या गडग्याशी पोचले तर शंभूभाऊजी समोर. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बाय, आत आसा ती. पण आज येव नकात. सणाचो दिस, घरात कोणाचा मन दुखवूक नको."

कोणाचं मन दुखवायला नको, म्हणाले. माझं का तुझं, ते काही कळलं नाही.

मी तोरिंजनं गडग्यावर ठेवली आणि मागं फिरले. बसला पाऊण तास होता. तुमच्याकडची आरती त्या वळणापर्यंत ऐकू येते, ठाऊक आहे तुला? तुझा आवाज वेगळा कळतो, तू नेहमी अर्धी ओळ आधी चढतेस. तुमची आरती मी रस्त्यावर उभी राहून पुरी ऐकली. लोक बघत होते. बघेनात का.

आता रागानं लिहिते, ऐक. मला काय सुख लागलंय इथं? केबिन घेऊन काय चाटायचीय? चोपन्न वर्षांची झाले मी. नवरा नाही, पोर नाही. आयुष्यात माझ्याशी सकाळी पहिलं कोण बोलत असेल तर तू, बसमध्ये, ते पण "सरक गो म्हशी" म्हणून. ते गेलं तर मागं काय राहिलं माझ्याकडं? आणि तू एवढी मानी की एका पत्राला उत्तर नाही!

थांब. हा राग तुझ्यावर नाही.

लेखी म्हणणं मी दिलं. पंधरा दिवस झाले. तुला खात्याकडून प्रत मिळालीच असेल. त्यात मी लिहिलंय, 'सदर यादी सद्भावनेने व केवळ प्रशिक्षणाच्या हेतूने तयार केली असून त्यामागे अन्य कोणताही हेतू नव्हता.' गोकुळदास म्हणाला, अशीच भाषा वापर, कोणाला त्रास नाही. तुझ्या अर्जाला त्यानं काय होईल ते मी विचारलं. तो म्हणाला, "सद्भावनेन केला म्हटल्यार चूक कोणाचीच नाय. आणि चूक नाय तर ऑर्डर तशीच रवता."

तरी मी सही केली.

देवकी


केरी
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

रूपाली,

आज तुला खरं सांगते. बसून वाच.

काल संस्थेत हत्यारांची पूजा झाली. पन्नास नवीन कोर्स आले तरी खंडेनवमी काही सुटणार नाही आपल्याकडं. लेथ मशीन, सोलारचं पॅनल, ते उडणारं ड्रोन, आपली शिलाई मशिनं, सगळ्यांना हळद-कुंकू नि झेंडू. हाऊसकीपिंगच्या पलंगालासुद्धा हार घातला पोरींनी. यशवंत सर म्हणाले होते, यंदा भाषण ठेवू, देवाला गाऱ्हाणं नको, वरून पाहुणे येणार. तर फिटरचे सगळे मास्तर अडून बसले, गाऱ्हाणं नाही तर नारळ नाही. शेवटी पाहुणेही उभे राहिले.

गोकुळदासनं गाऱ्हाणं घातलं. तुला ठाऊक आहे, सुरुवात तो पुटपुटतच करतो, नि मग चढत जातो. "बा देवा म्हाराजा! ह्या मशिनीर हात चलवणाऱ्या पोरांच्या बोटांक दगोफटको होव नये रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" "शिकान गेलेल्या पोरांक चार घास मिळाव देत रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मीही ओरडत होते. बरं वाटत होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला होता.

मग तो म्हणाला, "ह्या घरात कोणी कोणाचा वायट चितलेला आसात, कोणी कोणाच्या पोटार पाय दिलेलो आसात, तर ता तुझ्या पायाखाली घे, आणि तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

दरवर्षीचंच वाक्य. पंचवीस वर्षं ऐकलं, पंचवीस वर्षं ओरडले. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेजारी सुविधा होती, तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. नारळ फुटला, पाणी माझ्या पायावर उडालं, आणि मी तिथून चालू पडले ती थेट टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून बसले.

आता ऐक.

पहिल्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते खोटं. यादीत पहिलं नाव तुझं नव्हतं. माझं होतं. मला पुण्याला जायचं होतं. चोपन्नाव्या वर्षी हौस आली मला, हॉस्टेलात राहीन, कॉम्प्युटर शिकेन, चार पोरींत पोर होऊन बसेन. मी माझं नाव एक नंबरावर घातलं, तुझं दोन नंबरावर, नि सोमवारी कागद गोकुळदासच्या मेजावर ठेवला.

मंगळवारी, सतरा जूनला, त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "देवकी, शाणी मगे तू! ही यादी शिकवणाची नाय. शिवणाची एक तुकडी बंद जातली. वयल्या नावाची बदली." मी त्याच्या हातातून कागद घेतला. स्टाफरूममध्ये गेले, कोणी नव्हतं. नवीन फॉर्म काढला. तुझं नाव वर लिहिलं, माझं खाली. जुना फाडून बारीक बारीक तुकडे केले नि पर्समध्ये घालून घरी नेले, कचऱ्याच्या डब्यातही टाकले नाहीत. एवढी अक्कल होती बघ मला त्या वेळी.

पाच मिनिटांचं काम. हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही थरथरला. अक्षर चांगलं आलं.

का केलं, विचारशील. भिऊन. बाकी काही नाही. मुरगाव, तीन बसा, भांडारातल्या अनोळखी माणसांत पेट्या मोजत बसायचं, ह्या वयात मला कोण विचारणार तिथं? इथं निदान मुली 'बाई, बाई' करतात. तुझी सासू मला आठवली नाही असंही नाही. आठवली. मी मनाशी म्हटलं, रूपालीला शंभूभाऊजी आहेत, ती निभावून नेईल, मला कोण आहे. हेच म्हटलं, शब्द न् शब्द हाच. आणि मग ज्या एका माणसामुळं मी एकटी नव्हते, त्यालाच मी माझ्या हातानं पाठवून दिलं. म्हणतात ना, बसल्या फांदीवर कुऱ्हाड. शहाण्या बायकाही घालतात ती.

तू ऑर्डर घेऊन माझ्याकडं बघितलंस तेव्हाच तुला कळलं होतं ना? गोकुळदासच्या मेजावर यादी मी सोमवारी तुझ्यासमोर ठेवली होती, आणि ऑर्डरीला जोडलेल्या प्रतीवर माझ्या सहीखाली मंगळवारची तारीख. तू कागद नेहमी तारखेपासून वाचतेस. म्हणून तू काही विचारलं नाहीस.

सुनावणी सहा नोव्हेंबरला आहे. मी आधीचं म्हणणं मागं घेणार आणि हे सगळं लिहून देणार. तुझ्या उत्तराची वाट बघत नाही आता. आपट्याची पानं पाकिटात घालणार होते, नाही घातली. सोनं द्यायचं तोंड नाही मला.

देवकी


केरी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

ऑर्डर काल हाती आली. तू सोमवारपासून परत आपल्या हॉलमध्ये. मी मुरगावला, आणि वर विभागीय चौकशी. समन्वयकपण काढून घेतलं. सुविधाला दिलंय. बिचारी रडत होती, मी म्हटलं, अगं रड काय, चिठ्ठ्या वाट, पंखा आहे केबिनला.

चार कामाच्या गोष्टी आधी. तीन नंबरचं मशीन पुन्हा दोरा तोडतंय, मेकॅनिकला सांगून दमले, आता तूच त्याला झाप. आकाशी नि गुलाबी रंगाचं पॉपलिन कपाटात खालच्या फळीवर आहे. आणि चौदा मुलींपैकी दोघी सोडायच्या बेतात आहेत, घरचे म्हणतात शिवण शिकून काय करणार, हॉटेलात टाका. त्यांच्या आयांशी बोल. तुझं ऐकतील.

आता सुनावणीचं. तू होतीस तिथं, तरी लिहिते. माझ्या खुर्चीतून ते कसं होतं ते तुला ठाऊक नाही.

मी रात्रभर जागून दोन पानं लिहिली होती. तारीखवार. सोमवारी काय, मंगळवारी काय, कुठला कागद फाडला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वाचलं. शेजारच्या बाईंनी वाचलं. मग गोकुळदासला विचारलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "असं काही घडल्याचं मला आठवत नाही, सर." त्याची पोरगी लग्नाची आहे, तो कसा आठवेल. मी त्याला बोल लावत नाही. मी चार महिने तेच करत होते.

मग साहेब हसले. चांगले हसले गो, प्रेमानं. म्हणाले, "देवकीबाई, मैत्रीण असावी तर अशी! पण तिला वाचवायला स्वतःच्या नोकरीवर कशाला पाणी सोडता? असं कोण करतं? घेऊन जा हा कागद, मी वाचला नाही असं समजतो." आणि माझी दोन पानं माझ्याकडं सरकवली. त्या बाईंनी डोळे पुसले. खरंच पुसले! यशवंत सर म्हणाले, "आमच्या संस्थेचं वातावरणच असं आहे, सर."

मला काय झालं ते कसं सांगू? मी खरं सांगितलं आणि मला शाबासकी मिळत होती. कागद माझ्यासमोर पडलेला. मी म्हटलं, "साहेब, शपथ घेते," तर ते म्हणाले, "पुरे, पुरे, कळल्या तुमच्या भावना." उचलला असता कागद तर सगळं मिटलं असतं. मी देवी, तू मुरगावला. आणि खोटं नाही सांगत, एक क्षण माझा हात त्या कागदाकडं गेला होता. तू ते बघितलंस. कारण त्याच क्षणी तू बोललीस.

सबंध वेळ तू भिंतीकडं बघत होतीस. तुझ्या अर्जावर तुला विचारलं त्यालाही 'हो' नि 'नाही' एवढंच उत्तर. आणि मग एकदम, घरी बोलतेस तसंच, "सायब, तो कागद तिका परत देव नकात. ती खोटा बोलणा नाय. पंचवीस वर्सा मी तिका वळखतंय. ह्या तिनाच केल्यान."

साहेबांनी विचारलं, "तुमची मैत्रीण असं करील, असं तुम्हाला वाटतं?" तू म्हणालीस, "वाटणा नाय, म्हायत आसा."

मग त्यांनी कागद परत ओढून घेतला आणि त्यावर शिक्का मारला.

रूपाली, मी रडले ते तू बघितलंस. सगळ्यांना वाटलं, पकडली गेले म्हणून रडते. तसं नव्हतं ते. त्या खोलीत सहा माणसं मला चांगली म्हणत होती, आणि त्यांच्यातलं एकही मला ओळखत नव्हतं. तू मला वाईट म्हणालीस आणि माझा जीव थाऱ्यावर आला. मला खरं मानणारं माणूस जगात एकच आहे, आणि तेच माझ्याशी बोलत नाही. ह्याला तक्रार समजू नकोस. ज्याचं त्याचं.

परतताना पणजीहून एकच बस मिळाली दोघींना. तू पुढं बसलीस, मी मागं तीन सीटा सोडून. तुझ्या अंबाड्यातली पिन सुटत आली होती. म्हापशाला बस बदलली, पेडण्याची गाडी लागली होती, आपल्या त्या कृष्णनाथ कंडक्टरची. पुन्हा तू पुढं, मी मागं. तुझ्या शेजारची जागा मोकळी होती. मी बसले नाही, तू पिशवीही ठेवली नाहीस तिथं. काय समजायचं ते मला कळलं नाही.

बस धारगळच्या पुढं गेल्यावर कृष्णनाथ आला. त्याला काय ठाऊक. पंधरा वर्षं तो आपल्याला बघतोय, एक दिवस तू काढायचीस दोघींची तिकिटं, एक दिवस मी. तुझ्याकडं थांबला, मान वळवून मला बघितलं, हसला आणि तुला म्हणाला, "काय गो बाय, आज भांडलात काय? दोन दिव मगे?"

तू पर्स उघडलीस. बराच वेळ आत बघत बसलीस. मी पुढची दांडी धरून वाकून बघत होते, ह्या वयात, बसच्या सीटवर.

"एक," तू म्हणालीस.

तो माझ्याकडं आला. मीही म्हटलं, "एकच दी."

देवकी